नागपूरचा समुद्र

नागपूरला काय नाही, असं बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो पटकन सांगतो, "समुद्र!" आपणही हसून मान डोलावतो. फुटाळा तलावाच्या काठाला आपण बिनदिक्कत चौपाटी म्हणतो, यातच सगळं आलं. झिरो माईलच्या दगडाशेजारी राहणाऱ्यांनी समुद्राची हौस तळ्यावर भागवायची, दुसरं काय करणार?

पण मंडळी, नागपूरला एकेकाळी समुद्र होता. अगदी कागदोपत्री, महसुलासकट. १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे तब्बल ५२ वर्षं, ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता. उत्तरेला सुवर्णरेखा नदी, दक्षिणेला चिलिका सरोवर आणि मध्ये बालेश्वर, कटक, कोणार्क, पुरी. नागपुरातून सुटलेला हुकूम थेट बंगालच्या उपसागरापर्यंत चालायचा.

हा विषय आज काढायचं कारण घरगुती आहे. आमच्या गोतावळ्यातलं कोणी ना कोणी दरवर्षी जगन्नाथपुरीला निघतं. निघण्याआधी फोन येतो, "तू जाऊन आला आहेस ना, मग कधी जावं रे? काय काय बघावं?" फोनवर काही नीट सांगून होत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं इथे लिहून ठेवावं. तो किनारा दर ऋतूत वेगळा दिसतो, आणि दर ऋतूत तिथे आपल्या नागपूरच्या इतिहासाचा एखादा तुकडा सापडतो. सगळेच तुकडे अभिमानाने मिरवावे असे नाहीत. पण गाठोडं सोडलंच आहे तर सगळंच दाखवतो.

आधी थोडं मागचं

शाळेत आपण "अटक ते कटक" हे शब्द घोकले. त्यातला अटकेचा भाग पेशव्यांच्या खात्यात, पण कटकचा भाग आपल्या गावच्या खात्यात. पहिले रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा, यांच्या फौजा १७४१-४२ पासून छत्तीसगडातून पूर्वेकडे जाऊ लागल्या. पुढे होते त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत. बंगालचा नवाब अलीवर्दीखान आणि मराठे यांच्यात वर्षानुवर्षं चकमकी चालल्या. ३१ मार्च १७४४ ला नवाबाने वाटाघाटीसाठी बोलावून मनकरा इथे भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना दग्याने मारलं. रघूजींनी मोहिमा थांबवल्या नाहीत. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये द्यायचे, ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे आणि सुवर्णरेखा ही हद्द. नवाबाचं नाव थोडे दिवस राहिलं, मग तेही गेलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. तिची दुसरी बाजू बंगाली माणसाकडून ऐकावी. मराठी ‘बारगीर’ (सरकारी घोडा आणि हत्यार घेऊन लढणारा स्वार) या शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला. बर्गी आले, आता सारा कुठून भरायचा, अशा अर्थाचं अंगाईगीत बंगालमध्ये आजही आया मुलांना म्हणून दाखवतात. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळातच ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं, त्यात गावं जाळल्याची, लोक सैरावैरा पळाल्याची वर्णनं आहेत. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच ‘मराठा डिच’ पडलं. ओडिया साहित्याचे आद्य कादंबरीकार फकीरमोहन सेनापती यांची ‘लछमा’ ही कादंबरी याच धामधुमीवर आहे.

एका ट्रेनमध्ये समोरच्या बंगाली काकूंना मी नागपूरचा मराठी असं सांगितलं, तेव्हा त्या हसत हसत "म्हणजे बर्गी!" म्हणाल्या. हसत म्हणाल्या हे खरं, पण पावणेतीनशे वर्षांत तो शब्द विझलेला नाही हेही खरं.

असो. आता ऋतूंकडे वळू.

पावसाळा

बहुतेकांना पुरी आठवते ती आषाढातल्या रथयात्रेमुळे. आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा तीन रथांतून गुंडिचा मंदिराकडे जातात. नंदीघोष १६ चाकांचा, तालध्वज १४ चाकांचा, दर्पदलन १२ चाकांचा. रथ दरवर्षी नव्या लाकडाचे. दशमीच्या सुमाराला देव परत फिरतात, आणि एकादशीला सिंहद्वारासमोर रथावरच त्यांना सोन्याचे दागिने घालतात. त्याला ‘सुना वेश’ म्हणतात.

आता ती तिथी बघा. आषाढ शुद्ध एकादशी! इकडे चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी पोचलेले असतात, तेव्हा तिकडे जगन्नाथ सोन्याने मढलेला असतो. दोन्हीकडे पाऊस आणि दोन्हीकडे गर्दी. नागपूरच्या दरबारातल्या मराठी कारभाऱ्यांना हा दिवस परका वाटला नसणार.

पुरी भोसल्यांकडे आली त्याची कथा अशी. खुर्द्याच्या गजपती राजाने १७६० च्या सुमारास पार्लाखेमुंडीच्या राजाविरुद्ध मराठ्यांची मदत मागितली. मोबदल्याचे पैसे देता येईनात, म्हणून पुरीसह चार परगणे मराठ्यांकडे गेले आणि त्यासोबत जगन्नाथाच्या देवळाचा कारभारही. उत्सव, नैवेद्य, देवळाचा खर्च यांची तजवीज मराठी सुभेदार करू लागले. इतिहासकार मराठ्यांच्या ओडिशातल्या कारभाराबद्दल एरवी फारसं चांगलं बोलत नाहीत, पण देवळाच्या बाबतीत बहुतेक जण चांगलंच लिहितात.

अर्थात देवाची सेवा चालू होती तसा हिशोबही चालू होता. येणाऱ्या यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. पुरीत शिरताना ‘अठरनळा’ नावाचा जुना कमानींचा दगडी पूल लागतो, तिथे नाका होता. पूल मराठ्यांच्या कितीतरी आधीचा, तेराव्या शतकाच्या आसपासचा. पुढे इंग्रजांनीही हा कर १८०६ पासून स्वतःच्या नावाने घेतला आणि १८४० मध्ये बंद केला. रथयात्रेला गेलात तर या पुलाकडे एक नजर टाका. आपल्या लोकांनी तिथे उभं राहून पैसे मोजून घेतलेत.

पावसाळ्यात समुद्रात मात्र उतरू नका. लाटा उंच आणि ओढ जबरदस्त असते. टोकदार वेताच्या टोप्या घातलेले ‘नुलिया’ कोळी किनाऱ्यावर असतात, ते नको म्हणाले की नको. जुन्या काळी या महिन्यांत जहाजंही बाहेर पडत नसत. भाद्रपदातल्या रविवारी ओडिया मुली खुदुरुकुणीचं व्रत करतात. त्याची कहाणी आहे तअपोई नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीची. सात भाऊ जहाजं घेऊन परदेशी गेलेले, वहिन्यांनी छळलेली बहीण त्यांच्या परतण्याची वाट बघते. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत भाऊ शेतावर नाहीतर राजाच्या चाकरीत असतात, त्यांच्या कहाणीत ते समुद्रावर असतात. एवढ्या एका फरकात दोन्ही प्रदेशांचं आयुष्य कळतं.

शरद आणि कार्तिक

माझं मत विचाराल तर कार्तिकी पौर्णिमेला जावं.

त्या पहाटे ओडिशातल्या प्रत्येक नदीवर, तळ्यावर आणि समुद्रकाठी लोक केळीच्या सोपाच्या, कागदाच्या, थर्माकोलच्या छोट्या होड्या सोडतात. आत दिवा, विड्याचं पान, सुपारी. याला ‘बोइत बंदाण’ म्हणतात. बोइत म्हणजे जहाज. पावसाळी वारे थांबून ईशान्येचे वारे सुरू झाले की इथले ‘साधव’ व्यापारी जावा, सुमात्रा, बालीकडे निघायचे, त्यांना दिलेला हा निरोप. साधव गेले, जहाजं गेली, निरोपाची तारीख तेवढी राहिली.

कटकला महानदीच्या काठी याच दिवशी ‘बालीयात्रा’ सुरू होते. आठवडाभर चालणारी प्रचंड जत्रा. दहीवडा-आलूदम हा तिथला खास पदार्थ, तो चुकवू नका. काही जण म्हणतात नाव बाली बेटावरून, काही म्हणतात ‘बालू’ म्हणजे वाळूवरून, कारण चैतन्य महाप्रभू नदीच्या याच वाळवंटावरून पुरीकडे गेले. जत्रेच्या जवळच बाराबाटी किल्ला आहे. आता तिथे खंदक, एक दरवाजा आणि मातीचा उंचवटा एवढंच उरलं आहे. (क्रिकेटवाल्यांना बाराबाटी म्हटलं की शेजारचं स्टेडियम आठवतं.) मराठ्यांच्या ओडिशाचं ठाणं हेच. १७७८ पासून पंधरा वर्षं राजाराम पंडित नावाचे सुभेदार इथून कारभार पाहत होते.

आणि हा किल्ला पडला तोही शरदातच. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. पाऊस ओसरताच सप्टेंबरमध्ये इंग्रजांची फौज दक्षिणेकडून, गंजामहून निघाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिलिका, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ती वाट थोडक्या फौजेनेही अडवता आली असती. ती नीट अडवली गेली नाही. १८ सप्टेंबरला कर्नल हारकोर्टच्या फौजेने पुरी घेतली. देवळाला आणि पुजाऱ्यांना धक्का लावू नका, असा वेलस्लीचा सक्त हुकूम होता. १४ ऑक्टोबरला बाराबाटीचा दरवाजा उडवून इंग्रज आत शिरले. महिन्याभरात आपला समुद्र गेला.

हे महिने वादळांचेही आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातून धडा घेऊन ओडिशाने निवारे बांधले, माणसं वेळेत हलवायची यंत्रणा उभी केली, आणि १२ ऑक्टोबर २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोक आधीच सुरक्षित जागी नेले. तेव्हा ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हवामान बघून तिकीट काढावं.

हिवाळा

आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात सोयीचा काळ हाच. चिलिकावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाहुणे पक्षी असतात. कास्पियन समुद्र, बैकल सरोवर, सैबेरिया इतक्या लांबून आलेले. सरोवर पावसाळ्यात सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं होतं आणि उन्हाळ्यात ९०० च्या आसपास आक्रसतं. १९८१ मध्ये भारतातली पहिली दोन रामसर पाणथळ ठिकाणं ठरली त्यातलं हे एक, दुसरं भरतपूरचं. पुढे गाळाने समुद्राकडचं मुख बुजत चाललं, पाणी गोडं होऊ लागलं, मासे कमी झाले. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं, तेव्हा सरोवर पुन्हा सावरलं. सातपाडाहून होडी घेतली की इरावडी डॉल्फिन दिसतात. मंगलाजोडी या गावात पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारी माणसं आता वल्ह्याच्या होडीतून पक्षी दाखवतात. तिथे दोन तास तरी काढाच.

कोणार्कही हिवाळ्यातच बघावं, कारण उन्हाळ्यात दगड तापतो. तेराव्या शतकात पहिल्या नरसिंहदेवाने बांधलेलं हे सूर्यमंदिर १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीला, शेजारच्या चंद्रभागेच्या किनाऱ्यावर हजारो लोक पहाटे स्नान करून समुद्रातून वर येणाऱ्या सूर्याला नमस्कार करतात. आपण अंगणात दूध उतू घालतो ती हीच सप्तमी. कोकणात समुद्रात बुडणारा सूर्य बघायची सवय असलेल्यांना समुद्रातून उगवणारा सूर्य बघताना जरा चुकल्यासारखं होतं. पण छान वाटतं.

आता कोणार्कच्या पुढचं सांगतो, कारण तिथे आपला हात लागला आहे. कोणार्कच्या देवळासमोर अरुणस्तंभ होता. १६ पैलूंचा अखंड काळसर दगड, सुमारे ३३ फूट उंच, टोकाला सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या अमदानीत तो तिथून काढून पुरीला आणला आणि जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला. आज पुरीला जाणारा प्रत्येक जण त्याच्या शेजारून आत जातो. तो मुळात तिथला नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

हे चांगलं केलं की वाईट? कोणार्कला तेव्हा पूजा बंद होती, देऊळ ढासळत होतं, मुख्य शिखर पुढे पडलंच. स्तंभ तिथे राहिला असता तर कदाचित वाळूत आडवा झाला असता. पण सूर्याच्या रथाचा सारथीच काढून नेला, रथ तसाच वाळूत उभा राहिला, हेही खोटं नाही. मी दोन्ही जागी उभा राहून पाहिलं आहे. पुरीत तो स्तंभ सुंदर दिसतो, आणि कोणार्कला त्याची रिकामी जागा टोचते. माझा निकाल अजून लागलेला नाही.

हिवाळ्याची आणखी एक तारीख आहे, पण ती ओडिशातली नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या आडगावला भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावला दुसऱ्या रघूजींनी तह केला. त्या तहात बालेश्वर बंदरासह कटक प्रांत कायमचा गेला. चिखलदऱ्याला सहलीला गेल्यावर आपण गाविलगडाची तटबंदी बघतो, फोटो काढतो. नागपूरच्या समुद्राचा शेवट त्या डोंगरात झाला हे कोणी सांगत नाही.

फाल्गुन-चैत्र

फेब्रुवारी-मार्चमध्ये गहिरमथा आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एकटी-दुकटी नव्हे, काही रात्रींत लाखोंनी. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडून समुद्राकडे धावतात. कोकणातल्या वेळासला आपण मूठभर पिल्लं बघून हरखतो, इथे वाळू हलताना दिसते. गहिरमथाची ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेत आली १९७४ मध्ये. त्याआधी अंडी होड्या भरभरून बाजारात जात. आता १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात या भागात किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. कोळ्यांचं त्यात नुकसान होतं, त्याबद्दल तिथे कुरबुरही ऐकू येते. पर्यटकांनी वनखात्याला विचारूनच जावं आणि टॉर्च मारू नये.

हेच कोरडे महिने मिठाचे. या किनाऱ्यावर ‘मलंगी’ लोक खारं पाणी मडक्यांत उकळून मीठ काढायचे. ते पांढरं मीठ बंगालमध्ये जायचं आणि बैलांच्या पाठीवरून आत, महानदीच्या खोऱ्यातून आपल्या बाजूलाही यायचं. इंग्रजांनी प्रांत घेतल्यावर मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि मीठ महागलं. दुसरी गोष्ट कवड्यांची. मालदीवहून समुद्रमार्गे आलेल्या कवड्या ओडिशात चलन म्हणून चालत, सारा त्यातच भरला जाई. इंग्रजांनी चांदीचे रुपये मागायला सुरुवात केली आणि शेतकरी नागवला. जमिनी गेल्या, मीठ महागलं, कवडी बुडाली, आणि १८१७ मध्ये बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइकांनी उठाव केला. पुढे एप्रिल १९३० मध्ये बालेश्वर जिल्ह्यातल्या इंचुडीला लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. दांडी सगळ्यांना ठाऊक, इंचुडीही ठाऊक असायला हवी.

उन्हाळा

अक्षय्य तृतीयेला पुरीत रथांचं काम सुरू होतं आणि त्याच दिवशी चंदनयात्राही. ४२ दिवस चालते. पहिले २१ दिवस देवाच्या उत्सवमूर्ती संध्याकाळी नरेंद्र तलावात सजवलेल्या होडीतून फिरतात. भर उकाड्यात देवाला जलविहार! ४५ अंशांत भाजून निघालेल्या नागपूरकराला हा देव फार समजूतदार वाटतो. ज्येष्ठी पौर्णिमेला स्नानयात्रा होते, त्यानंतर देव ‘आजारी’ पडतात आणि रथयात्रेपर्यंत दर्शन देत नाहीत. तेव्हा ज्येष्ठाच्या वद्य पक्षात देवदर्शनासाठी जाऊ नका.

बालेश्वरजवळ चांदीपूरला ओहोटीच्या वेळी समुद्र पाच-पाच किलोमीटर मागे सरकतो. जिथे सकाळी लाटा होत्या तिथे दुपारी माणसं चालतात, खेकडे आणि शंख गोळा करतात. हा उथळ किनारा बघितला की एक गोष्ट ध्यानात येते. मोठ्या जहाजांना इथे जवळ येणं कठीणच. तरीही सतराव्या शतकात इंग्रज, डच, डेन, फ्रेंच या सगळ्यांनी बालेश्वरला वखारी घातल्या होत्या. फकीरमोहन सेनापती इथलेच. त्यांनी आत्मचरित्रात आपल्या लहानपणचं मिठाच्या जहाजांनी गजबजलेलं बंदर आणि नंतर त्याची झालेली अवकळा लिहून ठेवली आहे. उन्हाळ्यातही वादळाचा धोका असतोच. ३ मे २०१९ ला ‘फनी’ थेट पुरीवर आदळलं.

मग नागपूरने समुद्राचं काय केलं?

आता मुख्य मुद्दा. बावन्न वर्षं किनारा हाताशी होता, पण नागपूरकरांनी एक गलबत बांधल्याचं दिसत नाही. मराठ्यांना समुद्र कळत नव्हता म्हणावं तर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज-पोर्तुगीजांना हैराण केलं. पण ते कोकणातलं. नागपूरची फौज घोड्यांची. तिला महसूल कळत होता, यात्रा कळत होती, डोंगरातल्या वाटा कळत होत्या. सुभेदाराने ठरलेली रक्कम पाठवायची, एवढीच कटककडून अपेक्षा. त्यात १७७२ मध्ये जानोजी गेल्यावर भाऊबंदकी पेटली. मुधोजी आणि साबाजी हे भाऊ एकमेकांशी लढले, १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. घरात ही अवस्था असताना समुद्राकडे कोण बघणार?

बघत होते ते इंग्रज. त्यांच्याकडे उत्तरेला कलकत्ता होतं, दक्षिणेला मद्रास, आणि मधे आपली पट्टी. कधी चौथाईच्या बदल्यात, कधी पैसे देऊन ती मिळावी म्हणून त्यांनी अनेक वर्षं खटपट केली. १७७८ मध्ये हेस्टिंग्जचा वकील एलियट ऐन पावसाळ्यात नागपूरला निघाला, तो वाटेतच सारंगडजवळ तापाने वारला. १७८१ मध्ये मुधोजींचा मुलगा चिमणाजी मोठी फौज घेऊन कटकपर्यंत गेला, इंग्रजांवर चालून जायचं ठरलं होतं. शेवटी पैसे घेऊन प्रकरण मिटलं. नागपूरला कटक म्हणजे वसुलीचा प्रांत वाटत होता, तर इंग्रजांना ती दोन राजधान्या जोडणारी वाट दिसत होती. ज्याला वाट दिसली त्याने ती घेतली.

मला वाईट वाटतं ते सत्ता गेली याचं नाही. बर्गीचं अंगाईगीत ऐकल्यावर ते वाटूही नये. वाईट याचं वाटतं की बावन्न वर्षांच्या शेजारातून आपण घरी काही आणलं नाही. कार्तिकातल्या होड्या आपल्याकडे आल्या नाहीत, तअपोईची कहाणी आली नाही, आपल्या सुभेदारांची नावंही आपल्याला पाठ नाहीत. राहिला तो एक यमक जुळणारा वाक्प्रचार.

नागपूर पुन्हा तिकडे पोचलं ते रेल्वेच्या पाटीवर. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली. पुरीपर्यंतचा फाटा १८९७ मध्ये सुरू झाला आणि पुरीच्या किनाऱ्यावर त्या कंपनीने १९२५ मध्ये हॉटेल काढलं. कंपनी केव्हाच गेली, पण हॉटेलला लोक अजून ‘बीएनआर’ म्हणतात. त्यातला ‘एन’ म्हणजे आपण.

आणि एक संबंध तर कोणत्याच तहाने तुटला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पेपरात बातमी येते, "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, विदर्भात मुसळधार पावसाची शक्यता." तो पट्टा बहुतेक वेळा ओडिशाच्या किनाऱ्यावरूनच चढतो आणि छत्तीसगड ओलांडून आपल्यापर्यंत येतो. भास्करपंत गेले त्याच वाटेने, फक्त उलट्या दिशेने. इथे पडलेलं पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून परत त्याच उपसागरात जातं.

तर यंदा जाणाऱ्या मंडळींनो, कार्तिकी पौर्णिमा साधता आली तर बघा. कटकला एक रात्र मुक्काम करा, पहाटे घाटावर जा. दहा-वीस रुपयांना होडी मिळते, दिवा लावून सोडून द्या. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी कुठून आलात विचारलं तर नागपूर सांगा, आणि मग त्या काय म्हणतात ते नीट ऐका. आल्यावर मला कळवा.